डागाला तारीख

मला फरशी पुसायला वकीलअप्पांनी शिकवलं. काय झालं, कसं झालं ते पुढं सांगते, पण हे नाव आधी घेतल्याशिवाय माझ्या हातून पुढची ओळच उतरायची नाही.

आईला हे सांगितलं तेव्हा ती फोनवर हसत सुटली. "फरशी पुसायला काय शिका लागते वं?" तिचंही चूक नाही. आमच्या वर्ध्याकडच्या घरात फरशी नव्हतीच. शेणानं सारवलेली जमीन. सारवणाचं बरं असतं. काही सांडलं, डाग पडला, वरून एक हात फिरवला की झालं, जमीन नवी. फरशीचं तसं नाही. फरशी लक्षात ठेवते. हे वाक्यही माझं नाही, अप्पांचंच.

आठवीनंतर माझी शाळा सुटली. नववीचा वर्ग दुसऱ्या गावात होता आणि तिकडची एसटी आमच्या फाट्यावर थांबत नव्हती, एवढंच कारण. मग लग्न. नवरा मालट्रकवर ड्रायव्हर. तो हुबळीच्या एका ट्रान्सपोर्टात लागला आणि मी नवनगरात, वकीलअप्पांच्या घराच्या मागच्या भाड्याच्या खोलीत येऊन पडले. नवरा गेला की कित्येक दिवस गाडीवर. मला कन्नड येत नव्हतं. भाजीवाल्याला बोटानं दाखवायचं आणि तो देईल ते घेऊन पळत यायचं. रस्त्यात कुणी मोठ्यानं बोललं की वाटायचं, मलाच रागावतंय. त्यात नवऱ्यानं बजावून ठेवलेलं: "दिवाळीपर्यंत तुला काही काम लागलं तर ठीक. नाहीतर तुला गावी सोडतो, मी गाडीतच झोपीन." गावी म्हणजे सासरी, मोठ्या जावेच्या हाताखाली. तिथं मी राहून आले होते. परत जायचं नव्हतं. दिवाळी किती लांब आहे, हे मी रोज सकाळी उठून मोजायची.

तर अशी मी, ट्रंक डोक्यावर घेऊन पहिल्यांदा त्या घराच्या फाटकात उभी राहिले. आतून एक उंच, वाळलेला म्हातारा आला. पायजमा घोट्याच्या वर दुमडलेला, पाय अनवाणी. त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलंच नाही. म्हणाला, "पाय दाखवा."

मी घाबरून एक पाय वर केला.

"भेगा आहेत. भेगेत खडी अडकते, खडीनं फरशीला ओरखडा येतो. आधी दगडानं घासून या. तोपर्यंत ट्रंक मी बघतो."

नवरा माझ्या कानात म्हणाला, "डोक्यानं गेलेला दिसतो. खोली मात्र स्वस्त आहे. त्यांची झाडपूस तेवढी तुला करावी लागेल."

आयुष्यभर धारवाडच्या कोर्टात दिवाणी वकिली केली होती त्यांनी. जमिनीचे दावे, वाटणीचे दावे, बांधावरून झालेली भांडणं. पक्षकार कानडी, वकील मराठी, मधे मधे दोन्ही. बोलताना 'पण' म्हणायच्या जागी ते 'खरं' म्हणत, तिकडं सगळेच म्हणतात. "येतो की, खरं उद्या." मला आधी वाटायचं, हे लोक केवढं खरं बोलतात!

घर त्यांनी एकदम बांधलं नव्हतं. हौस येईल तशी एकेक खोली वाढवत नेलेली, त्यामुळं प्रत्येक खोलीची फरशी वेगळी. पुढच्या पडवीत शहाबादी. हॉलमध्ये मोझॅक. स्वयंपाकघरात जुन्या, वेलबुट्टीच्या सिमेंटच्या फरशा आणि ओट्याला कडप्पा. न्हाणीत पांढऱ्या चकचकीत टाइल्स. वरच्या मजल्यावर पुण्याच्या लेकीनं हट्टानं बसवून घेतलेली व्हिट्रिफाइड. तिला ते 'पाहुणी' म्हणत आणि तिच्यावर फारसे जात नसत.

प्रत्येकीचा स्वभाव त्यांना पाठ होता. शहाबादी म्हणजे गरीब पक्षकार. सगळं सोसतो, तक्रार करत नाही, खरं आत सगळं शोषून ठेवतो. तेल सांडलं तर लगेच त्यावर पीठ टाकायचं, नाहीतर जन्मभर धरून बसेल. न्हाणीतली टाइल म्हणजे पढवलेला साक्षीदार. वरून चकचकीत, आत काही शिरत नाही. तिथं बोअरच्या पाण्याचे पांढरे थर येतात, त्याला व्हिनेगर चालतं. तेच व्हिनेगर मोझॅकवर पडलं तर फौजदारी! वेलबुट्टीवालीला फक्त साधं पाणी आणि महिन्याकाठी तेलाचा हलका हात, "म्हातारीला लावतात तसा." कडप्प्याला खोबरेल. आणि फिनेल कुणालाच नाही. "फिनेल म्हणजे घाणीला अत्तर लावून जामिनावर सोडणं," असं त्यांचं मत.

"आणि लक्षात ठेव," ते मला जुना दातांचा ब्रश देत म्हणाले, "फरशी कधी घाण होत नसते. सांधा होतो. दोन शेतांचं भांडण बांधावर, दोन फरश्यांचं सांध्यात. मी आयुष्यभर सांध्यावरच जेवलो."

त्यांच्याकडची पुसायची फडकी बघून मी पहिल्या दिवशी चरकलेच. एक फडकं काळंभोर, जाड, कडेला शिवण. दुसरी लहान पांढरी, दोन शेपट्यांची. वकिली सोडल्या दिवशी घरी येऊन त्यांनी आपला काळा गाऊन कात्रीनं कापला होता आणि त्याची फडकी केली होती. गळ्याचे पांढरे बँड मोझॅक चमकवायला. बरोबरीचे वकील फार चिडले म्हणे. "अहो, गाऊनचा अपमान!" त्यावर अप्पा म्हणाले, "अपमान कसला? इतकी वर्षं नुसता अंगावर मिरवला. आता कुठं कामाला लागला आहे." प्रत्येक खोलीच्या दारामागं खिळा, खिळ्याला त्या खोलीचं फडकं. एकीचं दुसरीला लावलं की संपलं.

आता पाण्याचं सांगते. हुबळीत मलप्रभा नदीचं नळाचं पाणी रोज येत नाही, बरेच दिवसांनी येतं. ज्या दिवशी येतं त्या दिवशी गल्लीत लग्न असल्यासारखी धावपळ. बादल्या, कळश्या, पिंपं, पोरं, म्हातारी, सगळे रांगेत. आणि अप्पा सगळ्यात आधी काय भरत? मोझॅकचं पिंप. बोअरच्या जड पाण्यानं मोझॅकवर पांढरट झाक येते म्हणून त्याला गोडं पाणीच पाहिजे. शेजारची अक्का कुंपणावरून ओरडायची, "वकीलरे, फरशीला मलप्रभा पाजून तुम्ही काय बोअरचं पिणार?"

"पिणार की! मी पिऊन काय चकाकणार आहे?"

पाहुण्यांचं तर विचारूच नका. कुणी आलं की गिरमिट, म्हणजे तिकडची लिंबू पिळलेली चुरमुऱ्यांची भेळ, करायला मला सांगत, पण खायचं पडवीत. लिंबाचा एक थेंब मोझॅकवर पडला तर चट्टा पडतो. एकदा एक मोठे निवृत्त साहेब बशी घेऊन बोलत बोलत हॉलमध्ये आले आणि त्यांच्या हातातली लिंबाची फोड खाली पडली. साहेब आपल्या मुलाच्या अमेरिकेतल्या घराबद्दल सांगत होते. अप्पा तडक गुडघ्यावर बसले आणि बँडनं जमीन टिपू लागले. साहेबांना वाटलं, म्हातारा पाया पडतोय. त्यांनी डोक्यावर हात ठेवून आशीर्वादसुद्धा दिला!

हॉलच्या त्या मोझॅकवर, खिडकीजवळ, एक लाकडी चौरंग होता. त्यावर काही नसे. सकाळी अप्पा आपल्या कॉफीचा पहिला पेला त्यावर ठेवत, जरा थांबत, मग उचलून पीत. तो चौरंग हलवायचा नाही, त्याच्या भोवतीनं पुसायचं, असा हुकूम होता. मी कारण विचारलं नाही. मी तेव्हा कशाचंच कारण विचारत नसे.

त्यांचं मुख्य तत्त्व मात्र मला पहिल्याच आठवड्यात कळलं. स्वयंपाकघरात हळद सांडली, वेलबुट्टीवर पिवळा डाग. मी घाबरून घासणीनं घासायला लागले. वाटलं, आज खोली सोडायला लावतात.

"स्वल्प तडीरी," ते दारातून म्हणाले. म्हणजे जरा थांबा. "डाग म्हणजे आरोपी आहे काय, लगेच फाशी द्यायला? डागाला तारीख द्यायची. आज फक्त टिपायचं. उद्या बघायचं. परवा ऊन दाखवायचं. अर्धे डाग तारखा पडून पडूनच निघून जातात. दावेसुद्धा."

दार उघडं ठेवलं. ऊन आत आलं. दोन-तीन दिवसांत हळद उडून गेली, जशी नव्हतीच.

हेच ते माझ्या काळजीलाही लावायला लागले. नवऱ्याचा फोन लागला नाही की मी दारात उभी. "अप्पाजी, गाडीला काही झालं असंल का?" ते घड्याळ बघत. "संध्याकाळची तारीख. संध्याकाळपर्यंत या विषयावर सुनावणी नाही." आणि संध्याकाळी फोन यायचाच. माझं 'जी' त्यांना फार आवडे. "तुमच्याकडं कोर्टासारखं बोलतात की घरात," म्हणत.

हळूहळू त्यांनी मला लोकांच्या घरी कामाला लावून दिलं. एकाकडं न्हाणी, एकाकडं पडवी. अशी सुटी सुटी कामं. त्यावर नवऱ्याचं समाधान होण्यासारखं नव्हतं. मग दसरा जवळ आला तेव्हा मोठं काम आलं. मिरचीच्या व्यापाऱ्याचं नवं घर, आमच्याच नवनगरात. मालकीण शारदक्का, मालक दिवसभर ब्याडगी मिरचीच्या वखारीत; दोघांनाही मराठी येई. खाली सगळी पांढरी संगमरवरी फरशी. गवंड्यांनी सोडलेला सिमेंटचा थर मी काढून दिला, अप्पांच्या सांगण्याप्रमाणं, नुसत्या साध्या पाण्यानं आणि लाकडी पट्टीनं. शारदक्का खूश. म्हणाली, "गृहप्रवेश होऊ दे, मग तुलाच कायमची ठेवते." मी घरी येऊन रडले. आनंदानंच.

खंडेनवमीला अप्पांनी पाटावर फडकी, ब्रश, बादली, लाकडी पट्टी मांडली, झेंडूचं फूल वाहिलं. "तुझं हत्यार आहे, तूच हळदकुंकू लाव," म्हणाले.

दसऱ्याच्या मुहूर्तावर शारदक्काचा गृहप्रवेश झाला. आणि तिथंच घोटाळा. तिनं परातीतल्या कुंकवाच्या पाण्यात पाय बुडवले आणि उंबऱ्यापासून देवघरापर्यंत लक्ष्मीची पावलं उमटवत गेली. पांढऱ्या संगमरवरावर लालभडक पावलं. सगळ्यांनी फोटो काढले. आणि मग कुणीच ती पुसली नाहीत! घरात आलेली लक्ष्मी त्याच दिवशी पुसून कशी काढायची? तिच्या सासूबाई म्हणाल्या, कोजागिरीपर्यंत राहू द्या. पाहुणे पावलं ओलांडून चालत राहिले.

कोजागिरीनंतर शारदक्कानं मला बोलावलं. वरचं कुंकू गेलं, पण दगडानं रंग पिऊन टाकला होता. उंबऱ्यापासून देवघरापर्यंत गुलाबी-तांबडी पावलं, काही केल्या निघेनात. आणि पुढच्या आठवड्यात मुलाच्या साखरपुड्याची बोलणी करायला दाजीबानपेठेतले मुलीकडचे घर बघायला येणार होते, कापडाचे मोठे व्यापारी. शारदक्का रडवेली झाली होती. "ते म्हणतील, नव्या घराला रक्ताचे डाग!" मालकांनी ऍसिडची बाटली आणून ठेवली होती. "उद्या सकाळी येऊन टाक. नाही जमलं तर दुसरं माणूस बघतो."

मी धावतच अप्पांकडं आले. "तुम्ही चला जी. तुमचं ऐकतील."

ते मोझॅक पुसत होते. वर बघितलंसुद्धा नाही. "मी नाही येणार. वकीलपत्र तुझ्या नावावर आहे."

"मला बोलता येत नाही!"

"संगमरवर आणि ऍसिड समोरासमोर आले तर काय होतं?"

"फेस येतो. दगड जळतो."

"मग बोलता येतं की." मग जरा मऊ आवाजात म्हणाले, "औषधाच्या दुकानात जखम धुवायचं फेसाळणारं पाणी मिळतं, त्यात खडूची भुकटी कालव. दह्यासारखा लेप. डागावर थाप, वर प्लॅस्टिक घाल, मग ते काढून सुकू दे. सुकताना तो रंग वर ओढतो. पडदे काढून टाक, ऊन येऊ दे. आणि तारखा माग."

रात्रभर मी कानडी वाक्य पाठ केलं. सकाळी गेले तेव्हा मालक स्वतः बाटली घेऊन उभे. बूच उघडलेलं.

"टाक. एका मिनिटात निघेल."

इथंच कायमचं काम होतं, इथंच दिवाळी होती, आणि हा माणूस रागावला तर मी पुन्हा जावेच्या चुलीपुढं. तोंडातून एवढंच आलं: "स्वल्प तडीरी."

ते थांबले. बहुतेक माझ्या कानडीनंच थांबले. पुढचं मी मराठीतच बोलले.

"ऍसिडनं डाग जाईल, मालक, पण फरशीही जाईल. जिथं जिथं पाऊल आहे तिथं तिथं खड्डा पडेल. मग पावलं कायमची. मला तारीख द्या जी."

"तारीख? तू काय वकील आहेस?"

"नाही जी. खरं, वकिलाचा गाऊन माझ्याकडं आहे." आणि मी हातातलं काळं फडकं वर केलं.

मालकांना आधी कळलंच नाही. मग कळलं. त्यांनी वकीलअप्पांना कोर्टात बघितलं होतं. पोट धरून हसले, बुचासकट बाटली शारदक्काच्या हातात दिली आणि वखारीला निघून गेले. जाताना म्हणाले, "पाहुणे यायच्या आधी निकाल पाहिजे."

मग मी रोज सकाळी जायची. सुकलेला लेप लाकडी पट्टीनं उचलायचा. त्याच्या खालच्या अंगाला गुलाबी रंग चढलेला दिसे. नवा लेप लावायचा. पडदे काढलेल्या खिडक्यांतून ऊन थेट पावलांवर. लाल गेलं, गुलाबी आलं. गुलाबी गेलं, पिवळसर उरलं. शेवटी उंबऱ्याकडून एकेक पाऊल दिसेनासं व्हायला लागलं. शारदक्का माझ्या शेजारी उकिडवी बसून बघायची. "गेलं बघ हे! हेही गेलं!" जशी काही तीच पुन्हा एकेक पाऊल आत चालली होती.

आणि देवघराच्या दाराशी, जिथं ऊन पोचत नाही, तिथं एक पाऊल राहिलं. फिकं, पण राहिलं. दुसऱ्या दिवशी पाहुणे. मी तोंड पाडून अप्पांकडं आले.

"एक राहिलं."

"आत जाणारं की बाहेर जाणारं?"

"आत जाणारं."

"मग अपील कशाला करतेस?"

मला काही उलगडलं नाही. दुसऱ्या दिवशी शारदक्कानं मला कॉफी आत न्यायला बोलावलं होतं. मुलीची आई, भारी इरकल नेसलेली, घर बघत बघत देवघरापाशी आली. खाली बघितलं. मी ट्रे धरून उभी. पेले वाजायला लागले. तिनं वाकून त्या पावलाला हात लावला, तो कपाळाला लावला आणि म्हणाली, "लक्ष्मी इन्नू इल्ले इदाळ." लक्ष्मी अजून इथंच आहे.

ते गेल्यावर शारदक्का मला म्हणाली, "ते एक राहू दे. त्याला हात लावू नकोस. बाकी घर आजपासून तुझं." नुसतं तेवढ्यावर थांबली नाही, वखारीतल्या सगळ्यांच्या बायकांना माझं नाव सांगितलं. दिवाळीला नवरा आला तेव्हा मी घरी नव्हतेच, कामावर होते. त्यानं येऊन कुलूप बघितलं, आणि गावी सोडायचा विषय त्या कुलपापाशीच संपला.

शारदक्काकडचे पाहुणे येऊन गेले त्याच संध्याकाळी अप्पांनी मला चौरंग हलवून दाखवला. खाली मोझॅकवर एक पांढरा, खरखरीत चट्टा होता, ताटाएवढा.

"लेकीला बघायला मुलाकडचे यायचे होते. माझ्या हातून शाईची दौत सांडली. घाई झाली. मी ऍसिड ओतलं." ते चट्ट्याकडंच बघत होते. "पाहुणे आले तर बायको इथं येऊन उभी राहिली. लुगड्याचा घोळ डागावर. सगळी संध्याकाळ. कॉफी इथूनच दिली, गप्पा इथूनच मारल्या. ते म्हणाले, बसा की हो वहिनी. ही म्हणते, मला उभंच बरं वाटतं. माझ्याकडं बघून हसली, खरं कुणाला कळू दिलं नाही. ती गेल्यावर मी हा चौरंग ठेवला. कुणीतरी उभं पाहिजे की इथं."

मी म्हटलं, "मशीननं पॉलिश केलं तर निघेल जी."

"मशीनवाले घाईत असतात." आणि त्यांनी चौरंग जागेवर ठेवला.

आता गुडघ्यांमुळं लेकीनं त्यांना पुण्याला नेलंय, सगळ्या घरात व्हिट्रिफाइड. 'पाहुणीच्या घरी पाहुणा झालोय,' म्हणतात. घराची किल्ली माझ्याकडं आहे. आम्ही अजून मागच्याच खोलीत. नळाला पाणी आलं की आधी मोझॅकचं पिंप भरते, शेजारची अक्का आता माझ्यावर ओरडते. फोनवर अप्पांचा पहिला प्रश्न तोच: "पाणी आलं का? आधी कुणाला पाजलं?"

मी पॉलिशचं मशीन चालवायला शिकते आहे. जड असतं, हात थरथरतात, पण आता ती थरथर मशीनची असते. अप्पा, एक दिवस तुम्ही परत याल. त्याआधी मी सगळा हॉल घासून असा करून ठेवीन, की त्यात खिडकी दिसेल. घाई न करता करीन. चौरंगाखालची जागा तेवढी मशीनखाली घेणार नाही. तेही आत आलेलं पाऊल आहे, तिथंच राहू दे. मग तुम्हाला फाटकापासून अनवाणी चालवत आणीन, चौरंगापाशी बसवीन, आणि म्हणेन, पाय दाखवा.